नळीवरचा आकडा, दातावरचा आकडा

टूथपेस्टमध्ये फ्लोराइड किती, हे नळीवर छापलेले असते. त्यातले दाताच्या उपयोगी किती पडते, हा प्रश्न वेगळा. माझ्या मते पेस्टची खरी परीक्षा या दुसऱ्या प्रश्नात आहे.

१९४०च्या दशकात अमेरिकेत सोडियम फ्लोराइड घातलेली पेस्ट तपासली गेली, तेव्हा दातांची कीड काही कमी झाली नाही. दोष फ्लोराइडचा नव्हता. दात घासले जावेत म्हणून पेस्टमध्ये जी पांढरी भुकटी असते, तिच्यातल्या कॅल्शियमने फ्लोराइड बांधून टाकले होते. दोघांचे मिळून होणारे कॅल्शियम फ्लोराइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. १९५६ मध्ये अमेरिकाभर विक्रीस आलेल्या 'क्रेस्ट'मध्ये म्हणूनच स्टॅनस फ्लोराइडसोबत तापवून तयार केलेले कॅल्शियम पायरोफॉस्फेट वापरले होते.

आपल्याकडच्या स्वस्त पेस्टमध्ये बहुधा खडूची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी असते. तिच्यासोबत सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट वापरतात, कारण त्यातले फ्लोराइड फॉस्फेटला जोडलेले असल्याने खडूच्या सहज हाती लागत नाही. मात्र ही जोडणीही हळूहळू सुटते, आणि उष्णतेत अधिक वेगाने. पत्र्याच्या दुकानात दोन उन्हाळे काढलेल्या नळीत एकूण फ्लोराइड तेवढेच राहते, उपयोगाचे घटते.

म्हणून प्रयोगशाळेत दोन मोजमापे घ्यावी लागतात. एकात पेस्टमधले सगळे फ्लोराइड आम्लाने मोकळे करून मोजतात. दुसऱ्यात पेस्ट पाण्यात कालवून, गाळ खाली बसवून, वरच्या निवळीतले तेवढे मोजतात. या दोन आकड्यांतली तफावत म्हणजे वाया गेलेले फ्लोराइड. नळीवर सहसा एकच आकडा असतो.

टक्केवारीनेही फसगत होते. ०.२२ टक्के सोडियम फ्लोराइड आणि ०.७६ टक्के मोनोफ्लोरोफॉस्फेट, दोन्हींत फ्लोराइड सारखेच: दशलक्ष भागांत सुमारे १००० भाग, म्हणजे एक हजार पीपीएम. भारतीय नियमांनुसार कमाल मर्यादाही हीच. नळीवर पीपीएम आणि मुदत छापणे बंधनकारक आहे.

जास्त म्हणजे चांगले, असेही नाही. चंद्रपूर, यवतमाळ जिल्ह्यांतल्या काही गावांच्या भूजलातच फ्लोराइड जादा आहे. तिथे लहान मुलांनी पेस्ट गिळू नये, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. वाटाण्याएवढ्या, पाव ग्रॅम पेस्टमध्ये पाव मिलिग्रॅम फ्लोराइड जाते.

घरी प्रयोगशाळा नसते. तेव्हा नळीची मागची बाजू वाचावी: पीपीएम किती, खडूसोबत कोणते फ्लोराइड, आणि उत्पादनाची तारीख. पहिल्या दोन गोष्टी ठीक असतील, तर त्यातल्या त्यात ताजी नळी घ्यावी. जाहिरातीतल्या चकाकत्या दातांपेक्षा ती बारीक छापलेली तारीख जास्त सांगते.