पन्नाशीनंतरच्या आशाताई

1943 साली कोल्हापूरच्या प्रफुल्ल पिक्चर्सने ‘माझं बाळ’ नावाचा बोलपट काढला. संस्था मास्टर विनायकांची. त्यातल्या ‘चला चला नव बाळा’ या गाण्यासाठी संगीतकार दत्ता डावजेकरांनी एका दहा वर्षांच्या पोरीचा आवाज घेतला. वडील मास्टर दीनानाथ आदल्याच वर्षी गेलेले, घर उघड्यावर आलेलं. पुढे 2025 साली ‘गोरिलाझ’ या ब्रिटिश बँडने ‘द माउंटन’ या नव्या अल्बमची घोषणा केली, तेव्हा त्यातल्या पाहुण्या कलाकारांमध्ये अनुष्का शंकर यांच्याबरोबर त्याच पोरीचं नाव होतं. आशा भोसले. मधे 82 वर्षं!

हा आकडा मनात घोळवत बसलं की दोन प्रश्न पडतात. एक, माणसाचा गळा इतकी वर्षं टिकतो तरी कसा? आणि दुसरा जास्त बोचरा: या 82 वर्षांतली शेवटची निम्मी वर्षं आपण नीट ऐकली का? कोल्हापुरात आशाताईंच्या गाण्यांचा नाद असलेली घरं पुष्कळ. ‘पिया तू अब तो आजा’मधला श्वास कुठे घेतलाय ते सांगणारी माणसं इथे भेटतात. पण ‘लेगसी’ ऐकलंय का विचारा. ‘दिल पडोसी है’ची दोन-चार गाणी सलग सांगा म्हणा. बहुतेक ठिकाणी शांतता. ही शांतता अलीकडे मोडायला लागली आहे, आणि ती मोडणाऱ्यांत पंचविशीतली मुलं बरीच आहेत, ही मला फार आनंदाची गोष्ट वाटते.

‘दिल पडोसी है’पासूनच सुरुवात करू. 8 सप्टेंबर 1987, आशाताईंचा चोपन्नावा वाढदिवस. त्या दिवशी हा दुहेरी अल्बम आला. चौदा गाणी, शब्द गुलजारांचे, संगीत राहुलदेव बर्मन यांचं, म्हणजे पंचमदांचं. चित्रपट नाही, नायिका नाही, कुणाच्या ओठांवर बसवायचं नाही. तिघांनी स्वतःच्या हौसेनं केलेलं काम. त्याच वर्षी याच तिघांचा ‘इजाजत’ चित्रपट आला आणि ‘मेरा कुछ सामान’ या गाण्याने गुलजार आणि आशाताई दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. ते गाणं घराघरांत गेलं. त्याच वर्षी, त्याच हातांनी घडलेला अल्बम मात्र कोपऱ्यात राहिला.

कारणं उघड आहेत. पंचमदांचा पडता काळ सुरू झाला होता, निर्माते दुसरीकडे वळले होते. बाजार कॅसेटचा झाला होता आणि कॅसेट खपायची ती चित्रपटाच्या नावावर, नाहीतर गझलेच्या. हा अल्बम ना धड गझल, ना धड भजन, ना नाचगाणं. ‘रात क्रिसमस की थी’ आणि ‘भीनी भीनी भोर’ ही दोन गाणी एकाच कॅसेटवर पाहून दुकानदाराने ती कुठल्या खणात ठेवायची?

राजारामपुरीत एका ओळखीच्यांकडे या अल्बमच्या दोन्ही तबकड्या आहेत. तिथे एकदा आम्ही तो आरंभापासून शेवटपर्यंत ऐकला, मधे चहालाही न उठता. तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की हा सलग ऐकायचा ऐवज आहे. एकेक गाणं तोडून ऐकलं तर ‘सातों बार बोले बंसी’ विचित्र वाटू शकतं. आधीच्या आणि नंतरच्या गाण्यांच्या संगतीत ते उलगडतं. चित्रपटात आशाताईंना दर गाण्याला वेगळी बाई व्हावं लागे. कधी क्लबातली, कधी कोठ्यावरची, कधी कॉलेजातली. इथे चौदाही गाण्यांत एकच बाई आहे. प्रौढ, पाहिलेलं-सोसलेलं सगळं पचवलेली, आणि तरी कुतूहल न संपलेली. हिंदी चित्रपटाने अशा बाईला नायिका म्हणून जागा दिली नव्हती, मग तिचं गाणं तरी कुठून येणार? ते या अल्बममध्ये आहे.

आता गळ्याकडे येऊ, कारण खरं नवल तिथे आहे. पेटीवरची काळी चार घ्या. मध्य सप्तकात तिथे षड्ज लावला, तर गाणाऱ्या बाईच्या स्वरतंतूंच्या दोन घड्या सेकंदाला साधारण 208 वेळा एकमेकींवर येऊन आपटतात. तार षड्जाला 415 वेळा. तार पंचमाला सहाशेच्या वर. तीन मिनिटांच्या गाण्यात हा आकडा सहज दहा हजारांच्या कितीतरी वर जातो, आणि हे सगळं घडतं जेमतेम सेंटिमीटरभर लांबीच्या, ओल्या, नाजूक पडद्यांवर. सत्तर-ऐंशी वर्षं हे चालू ठेवायचं!

वय वाढलं की या यंत्रात बरेच बदल होतात. पाळी थांबल्यावर बायकांच्या शरीरातली संप्रेरकं घटतात, स्वरतंतूंचा पोत बदलतो, ते थोडे जाडसर होतात आणि आवाजाची पट्टी खाली सरकते. स्वरयंत्राच्या कूर्चा कडक होत जातात. स्नायू बारीक होतात, घड्या पूर्ण मिटेनाशा होतात, मग फटीतून हवा निसटते आणि स्वराला किंचित धुरकटपणा येतो. फुप्फुसांची लवचिकता कमी झाल्याने दमसास आखूड होतो. गाणाऱ्याच्या लांब स्वरात जी नैसर्गिक थरथर असते, ती तरुणपणी सेकंदाला पाच ते सात हेलकाव्यांची. उतारवयात ती संथ आणि रुंद होऊ पाहते. ऐकणाऱ्याला तेव्हा वाटतं, आवाज हलतोय.

हे टाळता येत नाही. पण रियाजी गळा त्यातून वाट काढतो. श्वास कुठे घ्यायचा याचं गणित तो बदलतो. वरच्या स्वरावर रेंगाळायचं सोडून त्याला स्पर्श करून परत येतो. ताना-मुरक्यांवर होणारा खर्च वाचवून तो शब्दावर लावतो. आशाताईंच्या बाबतीत या वाटेची खूण वयाची सक्ती व्हायच्या आधीच सापडते. 1981 च्या ‘उमराव जान’साठी खय्यामसाहेबांनी त्यांना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावलं. तोपर्यंत जो आवाज बहुतेक वेळा वर चमकायचा, त्याला खाली केवढी खोली आहे हे तेव्हा सगळ्यांना ऐकू आलं. पुढच्या तीस वर्षांच्या आशाताई त्या खालच्या मजल्यावर राहायला गेल्या, असं मला वाटतं.

हे कानाने पडताळून पाहायची फार सुंदर सोय आहे. ‘दिल पडोसी है’मध्ये ‘रिश्ते बनते हैं’ हे गाणं आहे. नाती किती सावकाश जमतात आणि त्यांना किती जपावं लागतं, असं सांगणारं. हेच गाणं त्यांनी 2005 मध्ये पुन्हा गायलं, अमेरिकेतल्या क्रोनोस क्वार्टेटबरोबर. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो एवढ्या चौघांचा हा चमू. त्यांनी पंचमदांच्या गाण्यांवर ‘यूव्ह स्टोलन माय हार्ट’ हा अख्खा अल्बम केला. तबल्याला झाकीर हुसेन, पीपा या चिनी तंतुवाद्यावर वू मान. आशाताई तेव्हा एकाहत्तरीच्या. म्हणजे एकच गाणं, एकच गायिका, मधे अठरा वर्षं.

दोन्ही लागोपाठ लावा. 1987 च्या गाण्यात एका शब्दावरून दुसऱ्यावर जाताना स्वर घरंगळत येतो, जोड कळत नाही. 2005 मध्ये जोड कळतात. ओळ तुटते, श्वास ऐकू येतो, शेवटचा स्वर जरासा सैल पडतो. मी हे दोष म्हणून मोजायला बसलो होतो, पण तिसऱ्यांदा ऐकताना लक्षात आलं की गाण्याचा अर्थच आता त्या जोडांत आहे. सावकाश जमणाऱ्या नात्यांबद्दल बोलणारी बाई आता खरंच सावकाश बोलते आहे. चौपन्नाव्या वर्षी तिने हे समजून गायलं होतं. एकाहत्तराव्या वर्षी तिच्याकडे अनुभव होता, आणि ज्याने ही चाल दिली तो नवराही 1994 मध्येच गेलेला होता. क्रोनोसच्या अल्बममधलं ‘मेरा कुछ सामान’ही असंच शेजारी ठेवून ऐकण्यासारखं आहे. मुक्तछंदातली कविता, ओळी लहानमोठ्या, त्यामुळे श्वासाच्या जागा गायिकेनेच ठरवायच्या. अठरा वर्षांत त्या जागा कुठे सरकल्या हे पाहणं म्हणजे गायनाचा धडाच.

या अल्बमला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. आपल्याकडे बहुतेकांनी ‘मूळ गाण्याची सर नाही’ म्हणून तो बाजूला ठेवला. हा निवाडा मला कधीच पटला नाही. क्रोनोसला मूळ गाण्याची नक्कल करायचीच नव्हती. पंचमदांच्या भल्याथोरल्या वाद्यवृंदातला कल्लोळ मोजक्या वादकांनी कसा पेलायचा, हे त्यांचं कोडं होतं.

त्याआधी नऊ वर्षं, 1996 मध्ये, याहून कठीण काम झालं होतं. उस्ताद अली अकबर खाँसाहेबांनी सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॅन राफेलला आपलं संगीत महाविद्यालय उभारलं होतं. त्यांच्याकडे वडिलांकडून, बाबा अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडून, आलेल्या जुन्या बंदिशींचा साठा होता. सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या अशा रचना त्यांनी आशाताईंना शिकवल्या आणि ‘लेगसी’ हा अल्बम झाला. साठी ओलांडलेली, जगभर नाव झालेली गायिका शिष्या होऊन बसली. हजारो गाणी झाल्यावर नव्याने शिकायला बसायचं, हे मला कुठल्याही पुरस्काराहून मोठं वाटतं. यालाही ग्रॅमीचं नामांकन होतं. चित्रपटगीतांचे रसिक म्हणाले हे शास्त्रीय आहे, आणि शास्त्रीयवाले म्हणाले ही चित्रपटातली बाई. ज्या गावाने अल्लादिया खाँसाहेबांना पंचवीस-एक वर्षं सांभाळलं, देवल क्लबच्या मैफली जिवापाड जपल्या, त्या आमच्या कोल्हापुरात तरी ‘लेगसी’ची चर्चा व्हायला हवी होती.

सगळंच दुर्लक्षित राहिलं असंही नाही. ‘जानम समझा करो’ (1997) आणि अदनान सामीबरोबरचं ‘कभी तो नज़र मिलाओ’ तुफान चाललं, पण ते तरुणांच्या वाहिन्यांवर. जुने चाहते नाक मुरडत राहिले. मराठीत ‘ऋतु हिरवा’ आपण मनापासून उचललं. संगीत श्रीधर फडक्यांचं, म्हणजे कोल्हापुरात जन्मलेल्या बाबूजींच्या, सुधीर फडक्यांच्या मुलाचं. तिथे आपल्याला आशाताईंचं वय आड आलं नाही. त्याच प्रौढ आवाजाने, त्याच सुमाराच्या काळात हिंदीत जे केलं त्याकडे मात्र पाठ. असं का झालं असावं?

मानसशास्त्रज्ञांना वारंवार असं आढळलं आहे की माणसाला आयुष्यभर सगळ्यात घट्ट चिकटतात ती साधारण दहा ते पंचविशी-तिशी या वयात ऐकलेली गाणी. त्या वयात मेंदू घडत असतो, पहिली प्रेमं, पहिले अपमान, पहिली नोकरी सगळं तेव्हाच घडतं आणि गाणी त्यांना जोडून राहतात. ज्यांची विशी 1970 च्या आसपासची, त्यांच्या कानात आशाताई म्हणजे ‘दम मारो दम’. नंतर आलेलं प्रत्येक गाणं ते नकळत स्वतःच्या तारुण्याशी ताडून पाहतात, आणि त्या सामन्यात कुठलंही गाणं हरणारच. आज पंचविशीत असलेल्या मुलांना ही अडचण नाही. त्यांच्या मोबाइलवर 1957, 1971, 1987 आणि 2005 एकाच रांगेत उभी असतात. आधी कुठलं ऐकायचं हे कुणी ठरवून दिलेलं नसतं. अशी एक मुलगी मला म्हणाली की तिने ‘चुरा लिया है’ पहिल्यांदा ऐकलं ते क्रोनोसचं, मूळ नंतर. आणि मूळ ऐकून तिला वाटलं, यात बाई किती लहान आहे! चाळीस वर्षं हे गाणं ऐकणाऱ्या माझ्या कानाला ते कधी सुचलं नसतं.

आणि ही पुनर्भेट अजून अर्धवटच आहे. 2011 मध्ये, अठ्ठ्याहत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी सतारवादक शुजात खाँ यांच्याबरोबर ‘नैना लगाईके’ केलं. त्याबद्दल बोलणारे अजून मोजकेच. हा अल्बम रात्री उशिरा, हेडफोन न लावता, साध्या स्पीकरवर ऐकावा असं मी सुचवेन, कारण त्यातला आवाज समोरच्या खुर्चीत बसून बोलल्यासारखा आहे आणि त्याला खोलीची हवा लागते. या सगळ्या ध्वनिफितींचं आणखी एक काम राहिलं आहे. मोबाइलवर गाणं वाजतं, पण सतार कुणाची, बासरी कुणाची, ध्वनिमुद्रण कुणी केलं हे तिथे बहुधा लिहिलेलं नसतं. ती नावं जुन्या कॅसेटच्या आतल्या घडीच्या कागदावर, तबकडीच्या वेष्टनाच्या मागे बारीक टायपात आहेत. कोल्हापुरात कपाटांत, माळ्यांवर अशा कॅसेट अजून पडून आहेत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी तो कागद आधी उलगडून त्याचा फोटो काढून ठेवावा. फीत बिघडली तरी गाणं दुसरीकडे सापडेल. ती नावं सापडणार नाहीत.