हिरडस मावळचा पाऊस आणि अलॉय व्हील

पुणे-सातारा रस्ता सोडून कापूरहोळला भोरकडे वळा किंवा चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याकडे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याकडे. चार-पाच पावसाळे काढलेली गाडी दिसली की तिच्या अलॉय व्हीलकडे जरा वाकून पाहा. रिमच्या काठाला किंवा नटांच्या आसपास पांढुरक्या, केसाएवढ्या बारीक रेषा दिसतात. मालक सांगतो, "पॉलिश उडालंय." खरं तर वरच्या पारदर्शक थराखाली, गॅरेजवाले ज्याला लॅकर किंवा क्लिअर म्हणतात त्याच्याखाली, अ‍ॅल्युमिनियम गंजत असतं.

हा गंज लोखंडासारखा तांबडा नसतो. दगडाने टवका उडाला किंवा चाक फुटपाथला घासलं की तिथून ओल आणि क्षार आत शिरतात. त्या बारीक रेषा म्हणजे थराखाली धाग्यासारखा वाढणारा गंज. धाग्याचं टोक ओलं राहून पुढे सरकतं, मागे कोरडी पांढरी भुकटी उरते. 1944 साली शर्मन या संशोधकाने 'नेचर'मध्ये लॅकर दिलेल्या पोलादावरच्या अशाच धाग्यांची नोंद केली होती. हवेतली आर्द्रता साधारण 65 ते 95 टक्क्यांच्या दरम्यान असली की हे धागे वाढतात, हवा कोरडी झाली की थांबतात. भोरकडच्या हिरडस आणि वेल्ह्याकडच्या गुंजण मावळात जून ते सप्टेंबर हवा अशी ओलीच असते. त्यात वरंध घाट उतरून कोकणात जाऊन आलेली गाडी समुद्राचं मीठ चाकावर घेऊन येते.

सर्वांत आधी बिघडतात ती डायमंड-कट चाकं. बहुतेक चाकं ए-356 मिश्रधातूची असतात, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, त्यात सुमारे 7 टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम. आपल्याच पुणे जिल्ह्यात शिक्रापूरला एन्केईच्या कारखान्यात अशी चाकं ओतली जातात. डायमंड-कटमध्ये रंगवलेल्या चाकाचा दर्शनी भाग लेथवर तासतात आणि उघड्या चकचकीत धातूवर फक्त क्लिअर मारतात. तासल्याने कडा धारदार होतात आणि धारेवर ओला थर टिकत नाही, बाजूला ओढला जातो. थर सर्वांत पातळ तिथेच राहतो आणि पहिला धागा बहुधा तिथूनच सुटतो.

धुण्याचाही वाटा मोठा आहे. कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियम विरघळवतो, तीव्र अ‍ॅसिडही त्याला खातं. चाक झटक्यात चमकवणारं पाणी नेमकं कसलं आहे हे धुणाऱ्याला विचारलंच पाहिजे. गार चाकाला साधा शाम्पू आणि मऊ ब्रश पुरतो.

आता दुरुस्ती. नुसत्या रेषांवरून क्लिअर फिरवणं म्हणजे पैसे पाण्यात, कारण गंज आत जिवंतच असतो. टायर उतरवायचा, बॅलन्सिंगची वजनं काढायची, सैल झालेलं सगळं लॅकर स्ट्रिपरने आणि पेपरने काढायचं. भुकटीमागे धातूत पडलेले बारीक खड्डे जाईपर्यंत घासायचं. कारागिराची खरी परीक्षा जुन्या थराच्या काठावर होते. नख फिरवून बघा: पायरी लागली तर तिथून नवा थर पुन्हा उचलणार. 320, मग 400, मग 600 नंबरचा पेपर मारून ती पायरी उताराला लावावी लागते. त्यानंतर तेलकटपणा पुसून अ‍ॅल्युमिनियमला चालणारा प्रायमर, वर सिल्व्हर बेस आणि शेवटी हार्डनर घातलेल्या टू-के क्लिअरचे दोन हात. हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं. अंदाजपंचे घातलं तर थर मऊ तरी राहतो किंवा तडकतो. डायमंड-कट पुन्हा हवा असेल तर चाक लेथवर चढवावं लागतं, पण दर खेपेला धातू कमी होतो, म्हणून ते एखाद-दोनदाच करावं.

हबला टेकणाऱ्या पाठीवर आणि नटांच्या खाचांत रंग जाता कामा नये. तिथला रंग दाबाने बसतो आणि नट सैल होतात. चाक बसवल्यावर 50 ते 100 किलोमीटर झाले की नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत. जुना रंग गॅसच्या ज्योतीने जाळून काढू देऊ नका. चाकाची ताकद उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते, अनावर तापवलं की ती घटते. तडा गेलेलं चाक तर रंगवूच नये, ते भंगारात द्यावं.

हे काम आषाढ-श्रावणात करायचं नाही. दमट हवेत थरावर दुधी झाक येते आणि गार धातूवर नकळत दव धरतं. धातू दवबिंदूच्या तापमानापेक्षा किमान 3 अंश गरम हवा. दसऱ्यापासून फाल्गुनापर्यंत, ऊन वर आल्यावर मारलेला थर टिकतो.

एक विनंती मात्र मनापासून आहे. टू-के हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासात गेला तर कायमचा दमा जडू शकतो, आणि तोंडाला बांधलेला रुमाल ते अडवत नाही. बंद शेडमध्ये स्प्रेगन धरणारा पोरगा आपल्याच गावातला असतो. काम देण्याआधी त्याच्याकडे योग्य मास्क आणि शेडमध्ये खेळती हवा आहे का ते पाहा. नसेल, तर भाव करताना मास्कचे पैसे आपण होऊन वर द्या.