लुटलेलं धान्य आणि पुढचं साल

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कारंजा (घाडगे) इथं मी मराठी शिकवू लागलो, तेव्हा अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ वर्गात वाचली जायची ती शौर्यासाठी. फकिराचा बाप राणोजी शिगावची जोगणी, म्हणजे जत्रेचा मान, वाटेगावला घेऊन येतो, तो प्रसंग आला की मागच्या बाकांवरची पोरंही सरसावून बसायची. कारंज्याला लागूनच आष्टी तालुका. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, आष्टीचा जमाव पोलीस ठाण्यावर चालून गेला. गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली. कित्येक मुलांच्या घरी आजोबांच्या तोंडून ती हकीकत ऐकलेली असायची. त्यामुळे इंग्रजांचा खजिना लुटणारा फकिरा त्यांना दूरच्या वाटेगावचा वाटत नसे.

ही कादंबरी आली १९५९ साली. शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेल्या, वाटेगावाहून पायी मुंबईला आलेल्या माणसानं ती लिहिली आणि बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. फकिरा हा अण्णा भाऊंच्या आप्तांतलाच खराखुरा माणूस. म्हणूनच त्याचं बंड रंगवताना त्यांनी भुकेला कुठं झाकलेलं नाही.

भुकेची ती पानं आमच्या वर्गात फार उशिरा जिवंत झाली. नव्वदचं दशक सरता सरता विदर्भात शेतकऱ्यांच्या आत्महत्या सुरू झाल्या. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजात जे सहा जिल्हे होते, त्यांत आमचा वर्धाही होता. त्यानंतर मुलं जोगणीपेक्षा दुष्काळापाशी जास्त थांबू लागली. कादंबरीत गावातली माणसं अन्नावाचून मरत असताना गावचे विष्णुपंत कुलकर्णी, काहीही करा पण जगा, असं सांगतात आणि फकिरा माळवाडीचं धान्य लुटून आणतो. इथं वर्गात दोन तट पडायचे. संत्र्याची बाग असलेल्या घरची मुलं कोठाराच्या धन्याचा विचार करायची. मजुरांची मुलं चुलीचा. त्या वादाला मी कधी लगाम घातला नाही. एका गावातली माणसं एकमेकांना जे तोंडावर बोलत नाहीत, ते त्या तासाला बोललं जाई.

अशाच एका वादात एका मुलानं विचारलं, ‘‘पण सर, पुढच्या साली काय खाल्लं असन त्यायनं?’’

त्या प्रश्नामुळं, लुटीचं पुढं काय होतं ते दाखवायला, मी मारियानो आसुएला या मेक्सिकन डॉक्टराची कादंबरी वर्गात नेली. मूळ नाव ‘लोस दे आबाखो’, म्हणजे तळातली माणसं. १९१० च्या मेक्सिकन क्रांतीत आसुएला बंडखोरांच्या फौजेत जखमा बांधत होता. १९१५ साली अमेरिकेतल्या एल पासो शहरात एका स्पॅनिश वर्तमानपत्रातून ही कादंबरी क्रमशः छापली गेली. तिचा नायक देमेत्रिओ मासियास साधा शेतकरी. गावच्या बड्या जमीनदारामुळं तो डोंगरात जातो, लढाया जिंकत सेनानी होतो. मात्र त्याच्या माणसांची लूट कुणाच्या चुलीपर्यंत पोचत नाही. ती दारूत आणि जुगारात जाते. शेवटी आपण कशासाठी लढतोय, हे त्यालाही सांगता येत नाही. मी तिचे उतारे इंग्रजी अनुवादातून मराठीत सांगत असे. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली की अण्णा भाऊंची ताकद नीट कळते: त्यांचा बंडखोर आपण कुणाचे आहोत हे क्षणभरही विसरत नाही आणि शेवटी आपल्या माणसांच्या सुटकेसाठी स्वतः इंग्रजांच्या हवाली होतो. माझ्या मते मराठीत याहून मोठी बंडाची कादंबरी नाही.

मेक्सिकोचं नाव निघालं की मी पांडुरंग सदाशिव खानखोजेंची गोष्ट सांगायचो. वर्ध्याचा हा माणूस गदर चळवळीत होता. पुढं १९२४ साली तो मेक्सिकोला पोचला, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवू लागला, मक्याच्या वाणांवर संशोधन केलं आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषी शाळा उभारल्या. दिएगो रिवेरानं मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयातल्या भित्तिचित्रात भाकरी मोडून देणारा माणूस म्हणून त्यांनाच रंगवलंय. १९६७ साली ते नागपुरात वारले. देमेत्रिओची माणसं ज्या देशात लढून मेली, त्याच देशात आपल्या जिल्ह्याचा माणूस पुढच्या सालाचं बियाणं तयार करत होता, हे ऐकून पोरांचे चेहरे उजळायचे.

तरीही एका मुलीला बियाण्याचं हे उत्तर पटलं नव्हतं. मेक्सिकोच्या १९१७ च्या राज्यघटनेत जमीनवाटपाची तरतूद आली होती, म्हणून त्या बियाण्याला वावर मिळालं, असं तिचं म्हणणं. फकिराच्या माणसांवर गुन्हेगार जमातीचा शिक्का होता. त्यांना रोज हजेरी लावावी लागे. ती म्हणाली, ‘‘हजेरीतून सुटल्याबिगर कोन्या वावरात जाऊन पेरणार होते ते?’’