१-५-३-६-२-४ : सहा सिलिंडरांची गंमत

कसालच्या तिठ्यावर कधी उभे राहिलात तर एक खेळ करून बघा. इथे मुंबई-गोवा महामार्ग कुडाळकडे पुढे जातो आणि एक फाटा मालवणला वळतो, त्यामुळे गाड्यांना तोटा नाही. रस्त्यापासून चांगले लांब उभे राहा, डोळे मिटा आणि फक्त ऐका. टक टक टक टक करत गेली ती रिक्षा. तिला बहुधा एकच सिलिंडर. घरगुती छोट्या गाड्यांना तीन किंवा चार, त्यांचा आवाज गुरगुरल्यासारखा. आणि मधूनच एखादी लांबलचक गाडी येते, तिच्या टायरचा आवाज इंजिनापेक्षा मोठा असतो! तिच्या बॉनेटखाली एका ओळीत सहा सिलिंडर असण्याची शक्यता आहे.

आता तुम्ही म्हणाल, सिलिंडर वाढले की आवाज वाढायला हवा. सहा ठिकाणी स्फोट होणार म्हणजे धडधडही जास्त. होतं मात्र बरोबर उलटं, आणि मला इंजिनातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

पेट्रोल इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये चार कामं पाळीपाळीने चालतात. हवा आणि पेट्रोल आत घ्यायचं, ते दाबायचं, ठिणगी टाकून पेटवायचं आणि धूर बाहेर सोडायचा. गाडी पुढे नेणारा धक्का यातल्या फक्त तिसऱ्या कामात मिळतो. चारही कामं व्हायला खालच्या क्रँकशाफ्टला, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याला, दोन फेऱ्या माराव्या लागतात, म्हणजे ७२० अंश. त्यातला धक्का जेमतेम १८० अंशांचा. एकच सिलिंडर असेल तर एक धक्का आणि मग बराच वेळ नुसती वाट बघणं. म्हणून रिक्षा टकटकते. चार सिलिंडर असले तर दर १८० अंशांना एक धक्का. एक संपतो तिथे दुसरा सुरू होतो, पण संपता संपता पहिल्याचा जोर ओसरलेला असतो. सहा सिलिंडरांना ७२० भागिले ६, म्हणजे दर १२० अंशांना धक्का. पहिल्याचा जोर अजून शिल्लक असतानाच दुसरा हात लावतो.

मालवणच्या किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढताना पाहिलं असेल तर हे लगेच कळेल. दोरीला चारच माणसं लागली तर जाळं हिसके खात येतं. माणसं वाढली की एकाने पकड बदलेपर्यंत दुसऱ्याची ओढ सुरू असते, आणि जाळं न थांबता सरकत येतं.

पण नुसत्या धक्क्यांनी भागत नाही. सिलिंडरांच्या आत पिस्टन वर-खाली नाचतात, त्यांनीही इंजिन हादरतं. त्यात एक मजेशीर अडचण आहे. क्रँकशाफ्ट एकाच वेगाने फिरत असला तरी पिस्टन वरच्या अर्ध्या भागात जरा घाईने हलतो आणि खालच्या अर्ध्या भागात जरा सावकाश. चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, पण घाई आणि सावकाशी एकमेकींना पुरती खोडत नाहीत. उरलेला हादरा प्रत्येक फेरीत दोनदा बसतो. तो मारायला काही चार सिलिंडरच्या इंजिनांत बॅलन्स शाफ्ट नावाचे जादा दांडे फिरवावे लागतात. सहांच्या ओळीत पहिला आणि सहावा, दुसरा आणि पाचवा, तिसरा आणि चौथा अशा जोड्या असतात, प्रत्येक जोडी दुसरीपासून १२० अंशांवर. तिन्ही जोड्यांचे हादरे एकत्र केले की बेरीज येते शून्य. जादा काहीही न लावता शून्य!

आता शीर्षकातले आकडे. सहा सिलिंडर १, २, ३, ४ असे ओळीने पेटत नाहीत. ते बहुधा पेटतात १-५-३-६-२-४ या क्रमाने. कागदावर लिहून नीट बघा: लागोपाठ पेटणारे दोन सिलिंडर कधीच शेजारी नसतात. चारनंतर पुन्हा एक येतो, तेही शेजारी नाहीत. त्यामुळे क्रँकशाफ्टच्या एकाच टोकावर सगळा जोर येत नाही. मिनिटाला ३,००० फेऱ्या होत असताना हा क्रम सेकंदाला २५ वेळा पुरा होतो, म्हणजे सेकंदाला १५० स्फोट. वर्गात सहा जणांनी ओळीत बसून याच क्रमाने टाळ्या वाजवून बघा. सेकंदाला एकदा क्रम पुरा करतानाच दमछाक होईल.

हे इंजिन महाराष्ट्राला नवं नाही बरं का. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला, आणि पुढच्याच वर्षाच्या शेवरोलेला सहा सिलिंडर आले. वालचंद हिराचंद यांच्या कंपनीने कुर्ल्याला डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जोडल्या, त्यांच्यातही सहांची ओळ असे. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, अशी पहिली एसटी धावली. ती बेडफर्ड होती. त्या काळच्या बेडफर्डला सहा सिलिंडरचं सुमारे साडेतीन लीटरचं पेट्रोल इंजिन असायचं, ताकद ७२ अश्वशक्तीच्या आसपास. आज चाकणला मर्सिडीजच्या ज्या गाड्या जोडल्या जातात, त्यांतल्या काहींमध्ये तीन लीटरचं 'एम २५६' हे इंजिन असतं. त्याचा एक प्रकार ३६७ अश्वशक्ती देतो. बेडफर्डपेक्षा लहान, आणि ताकद पाचपट.

या मर्सिडीजच्या इंजिनाचं माप तुम्हीच काढा. सिलिंडरचा व्यास ८३ मिलिमीटर, पिस्टनची धाव ९२.४ मिलिमीटर. वृत्तचितीचं घनफळ काढायचं सूत्र शाळेत शिकलाच असाल. एका सिलिंडरचं उत्तर जवळजवळ ५०० घन सेंटिमीटर येईल. त्याला सहाने गुणलं की २,९९९.

एवढं सुरेख यंत्र, मग ते बिघडतं का? बिघडतं. पण दुखणं बहुतेक वेळा पिस्टन-क्रँकमध्ये नसतं. ते असतं त्यांना थंड ठेवणाऱ्या, हवा देणाऱ्या आणि ठिणगी पुरवणाऱ्या भागांत.

उष्णतेचंच बघा. ठिणगी पडली की सिलिंडरच्या आतलं तापमान २,००० अंश सेल्सिअसच्याही वर जातं. पिस्टन ॲल्युमिनिअमचा, आणि ॲल्युमिनिअम ६६० अंशांना वितळतं! तरी तो वितळत नाही, कारण ती आग सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजावी इतकी थोडा वेळ टिकते आणि ऑइल व कूलंट तिची उष्णता सतत उचलून नेतात. कूलंट थांबलं तर मात्र काही मिनिटांत खेळ संपतो. सहा सिलिंडर ओळीत असल्याने त्यांच्यावरचं झाकण, म्हणजे हेडही, लांबलचक असतं. ते तापून जरासं वाकलं तरी खालचं गॅस्केट फुटतं. मग मेस्त्री हेड उतरवून फेसिंगला, म्हणजे सपाट करायला, पाठवतात, आणि घरात खर्चाची चर्चा सुरू होते. अलीकडच्या अनेक इंजिनांत कूलंटच्या नळ्यांचे सांधे आणि थर्मोस्टॅटचं घर प्लॅस्टिकचं असतं. वर्षानुवर्षं तापून-निवून ते ठिसूळ होतं. २००० नंतरच्या बीएमडब्ल्यूच्या काही सहा सिलिंडर इंजिनांत कूलंट फिरवणारा पंपही विजेवर चालतो, आणि तो आधी काही न सांगता बंद पडू शकतो. रबरी गॅस्केटं कडक होऊन ऑइल पाझरणं हे तर जुन्या इंजिनाचं नेहमीचं दुखणं. कसालहून कोल्हापूरला जायचं तर फोंडा किंवा करूळसारखा घाट चढावाच लागतो, आणि आधीपासून गळत असलेलं कूलंट नेमकं तिथे दगा देतं.

हवेची गंमत तर ऐकाच. एक लीटर पेट्रोल नीट जळायला सुमारे नऊ हजार लीटर हवा लागते. एवढी हवा एअर फिल्टरमधून गाळून आत येते. आपल्या कोकणात जांभ्याची तांबडी धूळ असते, म्हणून फिल्टर गाडीच्या पुस्तकात लिहिलं आहे त्याच्या आधीच तपासावा लागतो. पावसाळ्यात याच वाटेने पाणी आत गेलं तर फार वाईट. हवा दाबली की आकसते, पाणी आकसत नाही. वर येणारा पिस्टन पाण्यावर आपटतो आणि त्याला क्रँकशाफ्टशी जोडणारा पोलादी कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून ओहोळाच्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवायची नाही. ढकलून बाहेर काढायची आणि मेस्त्रींना बोलवायचं.

ठिणगीचं दुखणं मला सगळ्यात आवडतं, कारण ते गुप्तहेराचं काम आहे. नव्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला ठिणगीसाठी स्वतंत्र कॉइल असते. एक बिघडली की सहांतले पाचच काम करतात, दर १२० अंशांना येणारा धक्का मधेच चुकतो आणि गाडी थरथरते. मेस्त्री म्हणतात, "गाडी मिसिंग मारतेय." तपासणीचं यंत्र जोडलं की 'पी०३०३' असा संकेत येतो. शेवटचा ३ म्हणजे तिसरा सिलिंडर. पण दोष कॉइलचा की आणखी कशाचा? हुशार मेस्त्री तिसऱ्याची कॉइल पाचव्याला लावतात आणि पाचव्याची तिसऱ्याला. आता संकेत 'पी०३०५' झाला तर चोर सापडला, कॉइलच खराब. संकेत बदलला नाही तर शोध पुढे चालू, आता स्पार्क प्लग किंवा पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरकडे. किनाऱ्याकडच्या खाऱ्या हवेने जोडण्यांवर हिरवट थर येतो, आणि पावसाळ्यात उबेला आलेले उंदीर वायरी कुरतडतात. त्यामुळे आपल्याकडचे मेस्त्री महागडी कॉइल मागवण्याआधी वायर बघतात, आणि ते अगदी योग्य आहे.

मग आपल्या घरच्या गाड्यांना सहा सिलिंडर का नाहीत? हे इंजिन लांब असतं, त्याला बॉनेटही लांब लागतं, आणि पेट्रोलही ते जास्त पितं. शिवाय भारतात चार मीटरपेक्षा लहान आणि १,२०० घन सेंटिमीटरपर्यंतच्या पेट्रोल गाडीला कर कमी बसतो. तेवढ्या जागेत तीन-चार सिलिंडरच शहाणपणाचे.

सिलिंडर तीन असोत की सहा, घाटाला निघण्याआधी घरातल्या मोठ्यांना बरोबर घेऊन बॉनेट उघडा आणि कूलंटच्या टाकीवरच्या दोन खुणांमध्ये पातळी आहे ना ते बघा. हे काम सकाळी, इंजिन थंड असतानाच करायचं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कुणीही, कधीही उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्याही वर गेलेलं असू शकतं आणि झाकण सैल होताच ते अंगावर उसळतं.