घोड्याची वेदना आणि स्पर्धेचा नियम

माणसाचा पाय मुरगळला की तो कण्हतो, खाली बसतो आणि चार माणसांना हाक मारतो. घोड्याचे तसे नाही. तो कळपात राहणारा आणि हिंस्र श्वापदांचे भक्ष्य होणारा प्राणी. जो लंगडला त्याच्यावर शत्रूची झडप प्रथम पडणार, हा निसर्गाचा धडा त्याच्या रक्तात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे. म्हणून पुष्कळ सोसूनही तो निमूटपणे उभा राहतो आणि स्वाराने टाच मारली की धावतोही. अशा मुक्या जनावराच्या दुखण्याची काळजी त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी तरी वाहावी लागते. पागेत ती मोतद्दार आणि पशुवैद्य वाहतात. स्पर्धेच्या मैदानावर नियम वाहतात.

या नियमांविषयी सामान्य प्रेक्षकाला एक कोडे पडते. दुखणाऱ्या घोड्याला वेदनाशामक औषध देणे ही भूतदयाच नव्हे काय? मग त्याच औषधाचा अंश लघवीत आढळला म्हणून जिंकलेल्या घोड्याचे बक्षीस काढून का घ्यावे?

या कोड्याचे उत्तर वेदनेच्या स्वरूपातच आहे. सांध्याला किंवा कंडरेला इजा झाली म्हणजे त्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांच्यामुळे सूज येते आणि मज्जातंतू हळवे होतात. फेनिलब्युटाझोन, फ्लुनिक्सिन, मेलॉक्सिकॅम ही औषधे या द्रव्यांची निर्मिती रोखतात. सूज ओसरते, ठणका थांबतो. परंतु झिजलेला सांधा किंवा तडकलेले हाड त्याने सांधले जात नाही. दुखणे हा शरीराचा पहारेकरी आहे. औषधाने पहारेकरी झोपतो, चोर मात्र घरातच राहतो. भरधाव घोड्याच्या एकेका पायावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार पडतो, आणि घोड्याचे वजन सुमारे ५०० किलो असते. दुखरा पाय बधिर करून असा घोडा पळविला, तर तो स्वतःला सावरण्याचे सोडून देतो आणि पाय मोडून कोसळतो. त्याच्याबरोबर पाठीवरचा स्वारही कोसळतो.

या प्रश्नाला जगभर वाचा फुटली ती अमेरिकेतील एका शर्यतीमुळे. ४ मे १९६८ रोजी केंटकी डर्बी 'डान्सर्स इमेज' या घोड्याने जिंकली. त्याचे घोटे पूर्वीपासून दुखरे होते, आणि शर्यतीपूर्वीच्या आठवड्यात पशुवैद्याने त्याला फेनिलब्युटाझोन दिले होते. शर्यतीच्या दिवसापर्यंत औषध शरीराबाहेर जाईल असा हिशेब होता. तपासणीत मात्र त्याचा अंश आढळला. पहिल्या क्रमांकाचे बक्षीस 'फॉरवर्ड पास'कडे गेले आणि न्यायालयातील झगडा १९७२ पर्यंत चालला. उपचार केव्हा संपतो आणि लबाडी केव्हा सुरू होते, हा प्रश्न त्या दिवसापासून अश्वक्रीडेची पाठ सोडीनासा झाला.

अडथळ्यांवरून उड्या, ड्रेसाज म्हणजे शिस्तबद्ध चालींचे प्रदर्शन, दूर पल्ल्याची दौड इत्यादी आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे नियमन १९२१ मध्ये स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघ करतो. त्याचे कार्यालय स्वित्झर्लंडमधील लोझान येथे आहे. महासंघाने वर्ज्य द्रव्यांचे दोन वर्ग पाडले आहेत. ज्यांचा घोड्याच्या उपचारात उचित उपयोग नाही अशी 'निषिद्ध' द्रव्ये हा पहिला वर्ग. उपचारासाठी मान्य, परंतु स्पर्धेच्या वेळी शरीरात असता कामा नयेत अशी 'नियंत्रित' औषधे हा दुसरा. वर सांगितलेली वेदनाशामके या दुसऱ्या वर्गातली होत. तेव्हा घोड्याचे दुखणे शमविण्यास बंदी नाही. दुखणे दडपून त्याला मैदानात उतरविण्यास बंदी आहे.

ही सीमा शिथिल करावी असाही एक प्रयत्न झाला. २००९ मध्ये कोपनहेगन येथील सभेत काही वेदनाशामकांना मर्यादित प्रमाणात मुभा देण्याचा ठराव थोड्या मतांनी संमत झाला. त्यावर पशुवैद्यांनी आणि अनेक देशांच्या संघटनांनी इतका गहजब केला की अंमल लांबणीवर पडला आणि पुढच्या वर्षी ही मुभा बाजूला ठेवण्यात आली.

मग दुखऱ्या घोड्याच्या पालकाने करावे तरी काय? पहिला मार्ग योग्य उपचाराचा आणि त्यानंतरच्या विश्रांतीचा. कोणते औषध किती काळ सापडू शकते याचे कोष्टक महासंघ प्रसिद्ध करतो. मात्र त्या कोष्टकावर डोळे झाकून विसंबणे धोक्याचे. ते थोड्या घोड्यांवरील प्रयोगांतून तयार झालेले असते. मात्रा, घोड्याची प्रकृती, पागेतील अस्वच्छता, यांमुळे हा काळ वाढू शकतो. म्हणून शहाणा पशुवैद्य त्यात आणखी काही दिवसांची भर घालतो. शिवाय ही औषधे निर्धोकही नव्हेत. अतिरेक झाला तर जठरात व आतड्यात व्रण पडतात आणि मूत्रपिंडांना अपाय होतो.

दुसरा मार्ग औषधाविना आराम देण्याचा. थंड पाण्याच्या धारा, बर्फाचा शेक, मालीश, हळूहळू चालविणे, आणि कुशल नालबंदाकडून खुरांची नीट छाटणी. यांतील कित्येक उपाय आपल्याकडील जुन्या मोतद्दारांना हाताच्या मळाप्रमाणे परिचित होते. स्पर्धेच्या काळात पोटशूळासारखे अकस्मात दुखणे आलेच, तर स्पर्धेच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या लेखी अनुमतीने उपचार करता येतो. अशा वेळी घोडा स्पर्धेतून निघतो. पण उपचाराविना तडफडत नाही.

घरगुती वाटणारे पदार्थही येथे घात करतात. मिरचीला तिखटपणा देणारे कॅप्सेसिन हे द्रव्य मलमांत वेदनाशमनासाठी वापरतात. तेच पायाला चोळले तर कातडी इतकी हुळहुळी होते की, अडथळ्याचा दांडा लागण्याच्या भीतीने घोडा पाय अधिक उंच उचलतो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधील अश्वस्पर्धा हाँगकाँग येथे झाल्या. तेथे चार घोड्यांत हे द्रव्य आढळले, आणि नॉर्वेच्या संघाला कांस्यपदक गमवावे लागले. खसखशीच्या झाडाच्या अंशाने दूषित झालेल्या खाद्यातूनही मॉर्फिन घोड्याच्या शरीरात जाऊ शकते. २०१४ मध्ये इंग्लंडच्या राणीच्या 'एस्टिमेट' या घोडीच्या बाबतीत असेच घडले. अॅस्कटच्या गोल्ड कपमधील तिचे दुसरे स्थान गेले. लसूणघासात तर सॅलिसिलेट निसर्गतःच असते. म्हणून त्या द्रव्यासाठी शून्याऐवजी एक ठरावीक मर्यादा आखलेली आहे. सामान्यतः 'मला ठाऊक नव्हते' या सबबीने स्वाराची जबाबदारी टळत नाही. खाद्याच्या पोत्यापासून मोतद्दाराच्या हाताला लागलेल्या मलमापर्यंत साऱ्यांवर त्याला लक्ष ठेवावे लागते.

हे नियम आता परक्यांचे राहिलेले नाहीत. २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक पटकाविले. त्या चौघांच्या संघात इंदूरची सुदीप्ती हजेला होती. अशा पदकामागे जशी स्वाराची तपश्चर्या असते, तशी घोड्याच्या निरोगी पायांची साक्षही असावी लागते.

ही साक्ष वाचण्याचे शास्त्रही आता पुढे आले आहे. २०१४ मध्ये संशोधकांनी घोड्याच्या मुद्रेवरून वेदना मोजण्याची एक पद्धत मांडली. कान मागे ताठ वळलेले, डोळे आक्रसलेले, डोळ्यांवरचा भाग ताणलेला, जबड्याचे स्नायू घट्ट, ओठ आवळलेले, नाकपुड्या ताणलेल्या, अशी सहा लक्षणे ती पाहते. प्रयोगशाळेतील यंत्र घोड्याच्या रक्तातील औषध शोधील. त्याच्या चेहऱ्यावरचे दुखणे शोधायला मात्र पागेत रोज त्याच्याजवळ उभे राहणारे माणूसच हवे. ते माणूस वेळीच म्हणाले, की 'आज याला धावावयास नेऊ नका', तर प्रयोगशाळेला शोधण्यासारखे काही उरणारच नाही.