पोटात गेले, अंगी लागले का?

लाल भाजी, चेच भाजी, तिवरा भाजी... रायपूरच्या बाजारात पालेभाज्यांचे असे वैभव दिसते. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात छत्तीसगडमधील दहापैकी सुमारे सहा स्त्रियांना रक्तक्षय आढळला. सिकलसेलसारखी कारणे आहेतच. परंतु खाल्लेले अंगी किती लागते, हाही प्रश्न उरतो.

वनस्पतींतील लोह बहुतांशी फेरिक स्वरूपात असते. धान्यातील फायटेट आणि चहातील टॅनिन त्याला जखडून ठेवतात. मग बरेचसे लोह न शोषलेलेच बाहेर पडते. क जीवनसत्त्व त्याचे सहज विरघळणाऱ्या फेरस रूपात परिवर्तन करते. भाजीवर पिळलेल्या लिंबाचे मोल म्हणूनच केवळ चवीपुरते नाही.

लोहाच्या गोळीवरही चहाचा असाच परिणाम होतो. जेवण वा गोळीनंतर तासभर तरी चहा टाळावा. कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी नको. मात्रा वाढविल्यानेही फारसे साधत नाही. मोठ्या मात्रेनंतर यकृतातील हेप्सिडिन हे संप्रेरक सुमारे दिवसभर लोहाची वाट अडवते. सिकलसेलच्या रुग्णांनी तर तपासणीविना लोह घेऊच नये. वारंवार रक्त चढविल्याने ते शरीरात आधीच साचलेले असू शकते.

अ, ड, ई आणि के या जीवनसत्त्वांना मात्र स्निग्धांशाची सोबत लागते. त्यांच्या गोळ्या जेवणाबरोबर घेणे उत्तम.

रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने अधिक जस्त असलेले भाताचे वाण विकसित केले आहे. जस्तालाही फायटेटचा अडसर असतोच. त्या दृष्टीने मराठी घरांतील मोड आलेली मटकी उजवी ठरते, कारण मोड येताना कडधान्यातील फायटेट घटते.