चूक एक शब्द मागे असते

मायएस्क्यूएल शिकायला घेतलं की 1064 या आकड्याशी लवकरच गाठ पडते. क्वेरीच्या मांडणीत चूक आहे, अमुक ओळीवर, अमुक शब्दाजवळ बघा, एवढंच ही एरर सांगते. नवशिका त्या शब्दापाशी जातो, अक्षर अन् अक्षर तपासतो, पुसून पुन्हा टाइप करतो, आणि तीच एरर परत येते. तो शब्द बहुतेक वेळा निर्दोष असतो. चूक त्याच्या आधी झालेली असते.

असं का होतं ते एका क्वेरीवर पाहू. सोयीसाठी टेबलाचं नाव आणि कॉलमांची नावं मराठीत घेतो.

सिलेक्ट नाव, गाव, फ्रॉम विद्यार्थी;

'गाव'नंतरचा स्वल्पविराम जास्तीचा आहे. क्वेरी तपासणारा पार्सर डावीकडून उजवीकडे एकेक शब्द घेत जातो आणि पुढे काय येऊ शकतं याचा हिशेब ठेवतो. त्या स्वल्पविरामापाशी त्याला काहीच वावगं दिसत नाही. तिसरा कॉलम येणार असेल. पण येतो 'फ्रॉम', आणि तिथे वाट संपते. म्हणून तक्रार 'फ्रॉम'पाशी नोंदली जाते. पोस्टग्रेस त्या शब्दाखाली बाणासारखी खूण काढतं. ओरॅकल याच क्वेरीला 00936 क्रमांकाची एरर देतं आणि इथे काहीतरी यायला हवं होतं, ते आलेलं नाही, असं सांगतं. हा संदेश मला अधिक उपयोगी वाटतो. एररमध्ये दाखवलेला पहिला शब्द धरायचा आणि नजर त्याच्या डावीकडे न्यायची, ही सवय आधी लावून घ्यावी. मायएस्क्यूएलच्या संदेशात 'जवळ'पुढची जागा रिकामी दिसली, तर क्वेरी अर्धवट संपली आहे. बहुधा एखादा कंस उघडून बंद करायचा राहिलेला असतो.

सेमीकोलन विसरला की एरर लगेच येत नाही, म्हणून ती जास्त गोंधळात टाकते. पोस्टग्रेसच्या काळ्या खिडकीत एंटर दाबलं, काहीच घडलं नाही, म्हणून विद्यार्थी दुसरी क्वेरी लिहितो. दोन्ही एकमेकींना चिकटतात आणि एरर दुसऱ्या 'सिलेक्ट'पाशी येते. ओळीच्या सुरुवातीची खूण बघायला हवी. ती बरोबरच्या चिन्हावरून आडव्या रेघेवर गेली असेल, तर क्वेरी अजून उघडी आहे. कंस उघडा असेल तर तिथे कंस दिसतो, अवतरणचिन्ह उघडं असेल तर अवतरणचिन्ह.

कलमांचा क्रमही ठरलेला असतो: सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर, ग्रुप बाय, हॅविंग, ऑर्डर बाय. 'व्हेअर' 'ग्रुप बाय'नंतर लिहिलं की क्वेरी अडलीच. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी 1974 मध्ये आयबीएममध्ये क्वेरी लिहायची ही भाषा मांडली, तेव्हा क्वचित डेटाबेस वापरणारा माणूसही त्यांच्या डोळ्यांसमोर होता, म्हणून मांडणी इंग्रजी वाक्यासारखी आहे. अर्थ लावायचा क्रम मात्र निराळा आहे: आधी फ्रॉम, मग व्हेअर, सिलेक्ट बरंच नंतर. 'विद्यार्थ्यांमधून पुण्याच्यांची नावं दे' असं आपण मराठीत सहज म्हणतो, आणि तो क्रम नेमका हाच आहे. शिकवताना याचा उपयोग करून घ्यावा. सिलेक्टमध्ये कॉलमाला दिलेलं टोपणनाव व्हेअरमध्ये का चालत नाही, हेही त्यातूनच कळतं: व्हेअरच्या वेळी ते नाव अजून ठेवलेलंच नसतं.

अवतरणचिन्हांत नवशिके सर्वांत जास्त अडखळतात. मजकूर एकेरी चिन्हांत लिहायचा, हा प्रमाण नियम. मायएस्क्यूएल दुहेरी चिन्हंही चालवून घेतं आणि तिथे सवय बिघडते. पोस्टग्रेसमध्ये दुहेरी चिन्हांत पुणे लिहिलं, तर ते पुणे नावाचा कॉलम शोधू लागतं आणि असा कॉलमच नाही म्हणून सांगतं. वर्डमधून किंवा फोनवरून चिकटवलेल्या क्वेरीत चिन्हं वळणदार होऊन येतात. डोळ्याला फरक जाणवत नाही, पार्सरला ती ओळखता येत नाहीत. पुसून हाताने टाइप करावीत. आणि गोव्यातल्या किंवा वसईतल्या कॉलेजच्या यादीत डि'सोझा आडनाव येणारच. त्या नावातलं चिन्ह मजकूर तिथेच संपवतं आणि 'सोझा' उघड्यावर पडतो. नावातलं चिन्ह दोनदा लिहिलं की काम होतं. पण प्रोग्राममधून क्वेरी पाठवताना मूल्यं पॅरामीटर म्हणून वेगळीच द्यावीत, कारण याच फटीतून दुसऱ्याचा मजकूर आपल्या क्वेरीचा भाग बनतो आणि डेटा चोरीला जातो.

राखीव शब्दांचं थोडक्यात सांगतो. टेबलाला नुसतं 'ऑर्डर' नाव दिलं की 1064 ठरलेली. मायएस्क्यूएलच्या 8.0 आवृत्तीत 'रँक' राखीव झाला, तेव्हा त्या नावाचा कॉलम वापरणाऱ्या जुन्या, चालत्या क्वेरीही अडल्या.

मला खरी काळजी वाटते ती एरर न देणाऱ्या चुकांची. वरच्या क्वेरीत स्वल्पविराम जास्त न होता कमी पडला, तर बघा:

सिलेक्ट नाव गाव फ्रॉम विद्यार्थी;

ही बिनतक्रार चालते. पार्सर 'गाव' हे 'नाव'चं टोपणनाव समजतो, आणि 'गाव' या शीर्षकाखाली विद्यार्थ्यांची नावं छापून येतात. कॉलम संख्यांचे असतील, तर शुल्काच्या मथळ्याखाली गुण येतील आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. तसंच 'नल'चं. मोबाइल न दिलेले विद्यार्थी शोधायला 'व्हेअर मोबाइल = नल' लिहिलं, तर एकही ओळ येत नाही, आणि सर्वांनी क्रमांक दिलेत असं वाटतं. नल म्हणजे माहिती नसणं. त्याची कशाशीही बरोबरी केली तरी उत्तर 'होय' येत नाही. तिथे 'इज नल' लिहावं लागतं. अशा क्वेरी आधी सात-आठ ओळींच्या छोट्या टेबलावर चालवाव्यात, एका ओळीत मोबाइल मुद्दाम कोरा ठेवावा, आणि आलेलं उत्तर बोटांवर मोजून ताडून पाहावं.